एका जिभेवर चाललेलं घर

"कॉफी पिण्याचा पगार मिळायचा म्हणे तुम्हाला?"

हा प्रश्न मला आजही कुणी ना कुणी विचारतं. मी हो म्हटलं की समोरचा हसतो आणि म्हणतो, "मजा आहे बुवा तुमची!" या अंकाचे संपादक भेटले तेव्हा तेही हेच म्हणाले, आणि ती मजा लिहूनच द्या म्हणून हटून बसले. मजा होती, नव्हती कोण म्हणतो? पण आधी एक चूक दुरुस्त करतो. कॉफी पिण्याचा पगार मला एक दिवसही मिळाला नाही. मला मिळाला तो कॉफी थुंकण्याचा.

मद्रासच्या बंदराजवळ, जॉर्ज टाऊनमध्ये, कॉफी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी टेस्टर होतो. कुर्ग, निलगिरी, वायनाड, शेवरॉय असल्या डोंगरांतून कॉफीच्या बिया पोत्यांत भरून येत आणि त्यांचे लिलाव होत. लिलावाआधी प्रत्येक मालाचा मूठमूठ नमुना आमच्याकडे यायचा. तो हलकासा भाजायचा, भरड दळायचा, बिनकानाच्या कपांत घालायचा आणि वरून उकळतं पाणी ओतायचं. दूध नाही, साखर नाही. दोन-चार मिनिटांत वर चोथ्याचा थर धरतो. तो चमच्याने फोडायचा आणि लाजलज्जा सोडून नाक थेट कपात घालायचं. मग चमचाभर कॉफी ओठांशी नेऊन अशी जोरात ओढायची की ती फवाऱ्यासारखी टाळूपर्यंत गेली पाहिजे. फुर्र्! ती तोंडात घोळवायची आणि शेजारच्या उंच पिकदाणीत टाकून द्यायची. पुढचा कप. फुर्र्! असं सकाळभर. सगळं गिळलं असतं तर माझा डोळा आठवडाभर लागला नसता.

तेवढ्यावरून मी सांगायचो, हा माल घ्या, हा सोडा, याला इतकी बोली लावा. कंपनीची मोठी रक्कम माझ्या शब्दावर उभी राहायची. म्हणून शब्द सांभाळण्यापेक्षा जीभ सांभाळणं भाग होतं. पान-तंबाखू नाही, लसूण नाही, लोणचं नाही, हिंग नाही, मिरची नावापुरती. सर्दी झालेल्या माणसाच्या सावलीलाही उभं राहायचं नाही. आणि हे सगळं कुणी पाळायचं? तंजावरच्या मराठी घरात जन्मलेल्या माणसाने, ज्याच्याकडे हिंगाच्या फोडणीशिवाय दिवस उजाडत नाही!

आणखी एक गोष्ट होती, ती मी घरी कधीच बोललो नाही. टेबलाभोवती आम्ही तिघे-चौघे टेस्टर असायचो आणि सगळ्यांचे चमचे त्याच कपांत जायचे. आमचे वरिष्ठ कुरियन साहेब यांचा चमचा, माझा चमचा, पाहुण्या गोऱ्या साहेबाचा चमचा. उष्ट्याचा नुसता महापूर. आमच्या आत्याला हे कळलं असतं तर तिने मला दारात उभं करून डोक्यावर घागर ओतली असती आणि मगच आत घेतलं असतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लहान वयात विधवा झाली, माहेरी परतली आणि आमची आई गेल्यावर तिनेच आम्हाला वाढवलं. वडील गेले तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. तंजावरचं बिऱ्हाड मोडून सगळे माझ्याकडे मैलापूरला आले. एका मोठ्या घराचा मागचा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. मद्रासमध्ये त्याला पोर्शन म्हणतात. त्या पोर्शनमध्ये आत्या, मी, माझी बायको राधा, आमची दोन मुलं, गिंडीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकणारा भाऊ वासू आणि लग्नाची बहीण अंबू. शिवाय अप्पामामा. अप्पामामा हे आईच्या दूरच्या नात्यातले. चष्मा करून घ्यायला म्हणून तंजावरहून आले, चष्मा झाला, आणि मग त्यांनी आमच्याकडे बस्तानच बसवलं. चष्म्याची काच बरोबर आहे की नाही ते अजून कळायचं आहे, असं ते वर्षानुवर्षं सांगत.

मिळवणारा मी एकटा. पगार चांगला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच होता. पगार बेताचा असता तर लोकांनी सांभाळून घेतलं असतं. पण चांगल्या पगाराच्या माणसाला "परवडत नाही" म्हणायची सोय नसते. वासूची फी भरायची ना? गोपू आहे, म्हणजे मी. तंजावरच्या कुणाला मद्रासच्या इस्पितळात दाखवायचंय? गोपूकडे उतरा. देवळाची वर्गणी, कुणाची मुंज, कुणाचं बाळंतपण, सगळ्यांना एक गोपू पुरायचा. पहिल्या तारखेला मी पगार आणून देवापुढे ठेवायचो, आत्या तो उचलायची, आणि महिन्याचा तिसरा आठवडा उजाडला की राधा डब्यांची झाकणं उघडून बघायची आणि हळूच लावायची. तो झाकणांचा आवाज ऐकला की मी पेपरात तोंड खुपसायचो. ऑफिसात मी कोट घालून साहेबाच्या शेजारी बसायचो आणि घरी मुलाच्या चपलेचा अंगठा पुढच्या महिन्यावर ढकलायचो.

त्यात भर कॉफीची. मद्रासमध्ये घराची अब्रू कॉफीवर जोखतात. आणि आमचं तर टेस्टरचं घर! आल्यागेल्याला पातळ कॉफी देऊन कसं चालेल? पितळेच्या फिल्टरमधून उतरलेला पहिला दाट अर्क, त्याला मद्रासी लोक डिकॉक्शन म्हणतात, तो पाहुण्यांना द्यावाच लागे. शेजारचे वकील तर कमालीचे. नवरा-बायकोत कॉफीवरून भांडण झालं की दोन टंबलर, म्हणजे कॉफीचे पेले, घेऊन माझ्याकडे यायचे. मद्रासमध्ये आम्हा मराठी माणसांना सगळे राव म्हणतात. "राव, निकाल द्या. कुठली चांगली?" मी प्रत्येक वेळी त्यांच्या बायकोची चांगली म्हणायचो. वकिलांनी एकदा अपील केलं, तेही मी फेटाळलं.

कुणी म्हणेल, कॉफीच्या कंपनीत होतात, मग घरी कॉफी फुकट का नाही? कंपनीचा नियम होता की फाटकाबाहेर एक दाणाही जायचा नाही. संध्याकाळी निघताना आम्ही कोटाचे खिसे उलटे करून झटकायचो, कुरियन साहेबसुद्धा. दिवाळीला प्रत्येकाला एक पुडा मिळे. बाकी वर्षभर मी इतर लोकांसारखा दुकानासमोर रांगेत उभा राहायचो. दुकानदार ओळखीचा होता. तो मला बघून तराजू जरा जास्तच नीट धरायचा.

आणि आमच्या घरात कॉफीवर खरा जीव कुणाचा होता म्हणाल तर आत्याचा. बिचारीला दुसरी हौस कुठली होती? एक वेळ जेवायची, दोन लुगडी वापरायची. एकादशीला पाण्याचा थेंब घ्यायची नाही, पण कॉफी घ्यायची. विचारलं तर म्हणायची, "कॉफी पाणी नव्हे रे, औषध ते." हे शास्त्र तिचं तिनेच बसवलं होतं. पहाटे फिल्टरशी बसून ती डिकॉक्शनचा थेंब थेंब पडताना ऐकायची. मग टंबलर उंच धरून, ओठ न लावता, धार तोंडात सोडायची आणि डोळे मिटायची. तेवढा वेळ घरात कुणी तिच्याशी बोलायचं नाही.

माझ्या नोकरीचं मात्र तिला हसू यायचं. एकदा मुलांना मी ऑफिसातलं फुर्र् करून दाखवत होतो. ती म्हणाली, "असं म्हशीगत आवाज करायचे पैसे देतात? साहेब लोक खुळे झालेत की काय?"

(आमची घरातली मराठी तंजावरची. पुण्या-मुंबईचा माणूस ती ऐकून आधी गोंधळतो आणि मग हसतो. म्हणून बोलणं मी जरा सरळ करून लिहितो आहे. आत्याचं "नक्को" तेवढं तसंच ठेवलंय, ते सरळ करायची माझी हिंमत नाही.)

नाकाची किंमत काय असते ते एका चेट्टियारांच्या मालावरून सांगतो. मोठे व्यापारी, कानात हिऱ्याच्या कुड्या, बोलणं अतिशय गोड. त्यांचा मोठा माल बंदरातल्या गोदामात बोटीची वाट बघत पडला होता. जायच्या आधी शेवटची चव घ्यायची म्हणून मी कप फोडला आणि नाक मागे घेतलं. कॉफीच्या मागे काहीतरी होतं. कातडं! मी म्हटलं, "चेट्टियार, तुमच्या पोत्यांच्या शेजारी कातड्याचा माल ठेवलाय." ते भडकले. "तुमचं नाक आहे की पोलीस?" आम्ही सगळे गोदामात गेलो. पडदा म्हणून टांगलेल्या ताडपत्रीच्या पलीकडे कच्च्या कातड्यांचे गठ्ठे रचलेले होते. कॉफीची बी शेजाऱ्याचा वास पटकन उचलते, तिला शेजार बघून ठेवावं लागतं. तो माल तसाच परदेशी गेला असता तर चेट्टियार बुडाले असते आणि आमची कंपनीही. त्यानंतर चेट्टियार मला भेटले की आधी माझ्या नाकाला नमस्कार करायचे.

असं ते नाक. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील, उन्हाळ्यात मद्रासमध्ये फ्लूची साथ आली आणि ते गेलं.

ताप आठवड्यात उतरला. कॉफी कडू नाही, गोड नाही, नुसती गरम लागत होती. सर्दी आहे, जाईल, असं म्हणत मी ऑफिसला गेलो. टेबलावर कप मांडलेले होते. मी पहिला थर फोडला, नाक आत घातलं. काही नाही. दुसरा कप. काही नाही. फुर्र् करून बघितलं, तोंडात गरम पाणी. माझ्या तोंडचं खरंच पाणी पळालं. शेजारी कुरियन साहेब उभे होते, कोट्टयमकडचे, मळेवाल्यांच्या घरातले, बोलायला कमी. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, "सर, मला काहीच कळत नाही."

त्यांना वाटलं मी मालाबद्दल बोलतोय. कळल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात. किंवा नाही येणार म्हणतात."

ते खिडकीशी गेले. मग म्हणाले, "राव, आता हंगाम संपलाय. नवा माल जानेवारीत, पोंगलनंतर येईल. तोवर तू खाली कच्च्या बिया तपासायला बस. डोळे आहेत, हात आहेत. टेस्टिंगचा भत्ता मात्र मला देता येणार नाही. नव्या मालाला मला जीभ लागेल. तुझी असली तर तुझी. नसली तर..." मला कळलं. नसली तर मी कारकून, आणि पगार जवळजवळ अर्धा.

जिना उतरतानाच मी हिशोब मांडला. अर्ध्या पगारात वासूचं शेवटचं वर्ष बसत नव्हतं. अंबूचं लग्न बसत नव्हतं. घरातल्या सगळ्यांची ताटं, वह्या, औषधं माझ्या तोंडातल्या त्या दीड बोटाच्या मांसावर उभी होती, आणि ते मेलं होतं.

घरी लपवावं की सांगावं, असा विचार मी बसमध्ये करत होतो. पण राधाने माझा चेहरा बघितला आणि ताट मांडता मांडताच विचारलं, "अहो, काय झालं?" मग जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. वासूचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "अण्णा, मी कॉलेज सोडतो. गिंडीला कारखाने आहेत, कुठेही लागेन." मी त्याच्यावर ओरडलो. नव्या मालापर्यंत कुणी काही सोडायचं नाही म्हणून दम दिला. आवाज मोठा होता, पण आतून मी घाबरलो होतो.

आत्या मला वाढत होती. माझी आमटी नेहमी वेगळ्या भांड्यात, बिनहिंगाची. ते वेगळं भांडं तिला पहिल्यापासून डोळ्यांत खुपायचं. राधा तिला म्हणाली, "आत्या, आता यांनाही आपलीच आमटी वाढा. काय फरक पडतो?"

आत्याचा हात थांबला. "नक्को," ती म्हणाली. "सवय मोडायला नक्को." आणि तिने माझ्या पानात बिनहिंगाची आमटी वाढली.

त्यानंतर घर कसं बदललं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. वासू बस सोडून सायकलवर जायला लागला. म्हणाला, व्यायाम होतो. अंबूने शेजारच्या मुलींना हिंदी शिकवायला घेतलं. ही आमची मुखदुर्बळ अंबू! दार लावून ती अशी रागवायची की मुली चळचळा कापायच्या. राधाने तर वकिलीणबाईंकडून शिवणाचं मशीन आणलं. माझ्या निकालांची एवढी तरी फी वसूल झाली.

आणि अप्पामामा एक दिवस पिशवी भरून उभे राहिले. "गोपू, मी जातो तंजावरला." मला हलकं वाटलं, खोटं का बोलू? पण त्याचबरोबर वाईटही वाटलं. जहाज बुडायला लागल्यावर हे निघाले, असं मनात आलं. आठवडा गेला असेल, दारात बैलगाडी थांबली. गाडीत तांदळाचं पोतं, पोत्यावर अप्पामामा. गावच्या जमिनीतला त्यांचा हिस्सा इतकी वर्षं भाऊबंद खात होते. भांडून घेऊन आले होते. "चष्मा चांगला आहे रे," ते म्हणाले, "बांधावरची खूण लांबून दिसली." त्यांना बघून मला रडू फुटलं. मी ते गाडीवाल्यासमोर लपवायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही.

आत्याने माझ्या नाकाचा ताबा घेतला. सकाळी निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा. मग ती एकेक वस्तू नाकाखाली धरायची: सुंठ, वेलदोडा, मोगऱ्याचं फूल, हिंग. "आलं?" "नाही." "बरं." चिडायची नाही, नवस बोलायची नाही. मग मी आमच्या पोर्शनच्या ओसरीवर झोपाळ्यावर बसायचो आणि ती मला कॉफी आणून द्यायची. दाट, फेसाळ, नेहमीसारखी. मी ती गरम पाण्यासारखी पिऊन टाकायचो. एकदा म्हटलं, "आत्या, मला पातळ दिलीस तरी चालेल. वाया जाते." तिने ऐकलंच नाही असं केलं आणि टंबलर घेऊन आत गेली. बाकीच्यांची कॉफी आत स्वयंपाकघरात व्हायची. पहिल्यापासून तशीच पद्धत होती. मिळवत्या माणसाला बाहेर, आधी.

मार्गळी महिना लागला, तोच आपला मार्गशीर्ष. पहाटे गल्लीतून भजनं जायला लागली, दारोदार रांगोळ्या पडल्या. आणि एका सकाळी आत्याने मोगरा नाकाखाली धरला तेव्हा मी दचकलो. "रॉकेल!"

"काय?"

"रॉकेलचा वास येतोय!"

मोगऱ्याला रॉकेल, सुंठेला रॉकेल, मुलांच्या केसांना रॉकेल, सांबाराला रॉकेल. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतू सुधारताना असं वेडंवाकडं होतं, चांगलं लक्षण आहे. आत्याने घरात साखर वाटली. रॉकेलचा वास आला म्हणून साखर वाटणारं मैलापुरात ते एकच घर असेल. पण दिवस जात होते आणि वास काही सुधरेना. भोगीच्या पहाटे गल्लीभर लोकांनी जुन्या चटया, केरसुण्या पेटवल्या, पोरं ढोलकी बडवत होती, धुराने डोळ्यांना धारा लागल्या. मी छाती भरून धूर ओढला. रॉकेल. पोंगल झाला. नव्या मालाचे नमुने आले. कुरियन साहेब खाली माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "राव, सोमवारी वर ये. काय ते बघून टाकू."

रविवारी मी वासूला एकट्याला समुद्रावर घेऊन गेलो आणि सोमवारनंतर काय करावं लागेल त्याची कल्पना दिली. त्याने मान हलवली. फार शहाणा मुलगा.

सोमवारी सकाळी मी झोपाळ्यावर बसलो होतो. अंगात इस्त्रीचा सदरा होता. आत्याने टंबलर आणून दिला. मी तो सवयीने तोंडाशी नेला आणि तिथेच थांबलो.

आधी भाजलेल्या बीचा वास आला. त्यामागे कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळाचा कडवट गोडवा. दुधाची साय. मी एक घोट घेतला. जिभेच्या कडांना ती जुनी, हलकी आंबट चुरचुर लागली. डोंगरावरची चांगली कॉफी, आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातली. रॉकेल कुठेच नव्हतं. मी दुसरा घोट घेतला, कारण पहिल्यावर माझा विश्वास बसला नव्हता. तिसरा घेतला तो नुसती चैन म्हणून.

मी टंबलर घेऊन तसाच धावत आत गेलो. सगळे स्वयंपाकघरात बसले होते, राधा, अंबू, वासू, अप्पामामा, हातात आपापली कॉफी. आत्या चुलीशी. "आलं!" म्हणून मी ओरडणार होतो, पण उंबऱ्यावरच माझं नाक अडलं.

त्या खोलीत कॉफीचा वास नव्हता.

म्हणजे होता, माझ्या हातातल्या टंबलरचा. खोलीचा वास वेगळा होता. मी कुणाशी काही न बोलता आत्याच्या पुढ्यातला टंबलर उचलला, ओठांना लावला आणि ऑफिसात करतो तसं जोरात ओढलं. फुर्र्!

"अरे, उष्टं!" आत्या किंचाळली. "माझा टंबलर आहे तो!"

"नाचणी," मी म्हणालो. "भाजलेली, जरा करपलेली. धणे. सुंठ. गूळ. चिकोरी चिमूटभर." मी पुन्हा एकदा चव घेतली, कारण आपलं मत देण्याआधी दुसरा घोट घ्यायचा असतो. "आत्या, यात कॉफी नाही."

राधाने मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते, पण ती हसत होती की रडत होती ते मला आधी कळलंच नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझं नाक गेलं तेव्हापासून," आत्या म्हणाली. "एरवी तुझ्या नाकाखाली घरात असलं काही भाजायची सोय होती का? तू ऑफिसला गेलास की भाजायचो. पाहुण्यांना खरी, तुला खरी. आम्हाला काय, गरम असलं की झालं."

आम्हाला काय! जिला एकादशीलाही कॉफी सुटत नव्हती, ती बाई म्हणत होती, आम्हाला काय. इतके महिने तिने नाचणीच्या पाण्यावर पहाट काढली होती, आणि घरातली सगळी खरी कॉफी अशा एका माणसाला पाजली होती, ज्याला तिची चवच कळत नव्हती.

"अगं, मग मलाच नाचणी द्यायचीस!" मी ओरडलो. "मला काय कळणार होतं? तू तरी खरी प्यायची!"

"खुळा आहेस," ती म्हणाली. "जीभ परत येणार ती कुठल्या दिवशी येणार, सांगून येणार होती का? ती आली आणि तिला तोंडात नाचणी भेटली असती म्हणजे? घर चुकलं म्हणून गेली असती परत. रोज तिच्यासाठी पान मांडून ठेवायला नक्को?" मग एकदम तिच्या लक्षात आलं. "म्हणजे... आलं?"

"आलं, आत्या."

तिने भिंतीला हात टेकला आणि खाली बसली. वासू उठून बाहेर गेला आणि न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला.

ऑफिसची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच झाली. कुरियन साहेबांनी कप मांडून ठेवले होते, कुठल्याचंही नाव सांगितलं नव्हतं. मी एका टोकाने सुरुवात केली. निलगिरी. वायनाड, पण गेल्या सालची, पोत्यात जुनी झालेली. कुर्ग, उत्तम. एका कपाशी थांबलो आणि म्हणालो, "सर, यात दोन माल मिसळलेत, आणि ते तुम्ही मिसळलेत." साहेबांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. ती इतक्या जोरात होती की तोंडातली कॉफी मी गिळली. नोकरीत त्यांच्या देखत गिळलेला तो माझा एकच घोट.

भत्ता परत सुरू झाला. वासूने वर्ष पुरं केलं आणि पुढे गिंडीलाच नोकरीला लागला. अंबूने शिकवण्या सोडल्या नाहीत, लग्नानंतरही नाही. राधाने मशीन परत द्यायला साफ नकार दिला. म्हणजे माझी जीभ परत आली तरी घर पुन्हा तिच्या एकटीवर कधी चाललं नाही, आणि याचं मला जे सुख झालं ते पगारवाढीनेही झालं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात डब्यांची झाकणं वाजत राहिली. पण आता ती ऐकणारे आम्ही पुष्कळ जण होतो.

त्या सोमवारी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ताजी कॉफी दळून घेतली. घरी आल्यावर कुणालाही चुलीशी येऊ दिलं नाही. फिल्टर मी लावला, दूध मी तापवलं, पहिलं डिकॉक्शन एका टंबलरमध्ये काढलं आणि तो आत्यापुढे ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला. सगळे वाट बघत होते की ती नेहमीसारखी वरून धार सोडेल आणि डोळे मिटेल.

आत्याने इकडेतिकडे बघितलं. मग टंबलर सरळ ओठांना लावला, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, सोवळं-ओवळं सगळं बाजूला ठेवून, एवढा मोठा आवाज केला की मुलं टाळ्या पिटत नाचायला लागली.

फुर्र्!

तिने घोट तोंडात घोळवला. थुंकला मात्र नाही.

"हं," ती म्हणाली, डोळे पुसत. "याचे पैसे द्यायला हरकत नाही."